तुटल्यानंतरचं उड्डाण

२१ डिसेंबर १९८८ची संध्याकाळ. लंडनहून न्यूयॉर्कला निघालेलं पॅन ॲम १०३ हे जंबो जेट ३१ हजार फुटांवरून दक्षिण स्कॉटलंड ओलांडत होतं. ७ वाजून २ मिनिटं ५० सेकंदांनी हवाई नियंत्रकाच्या रडारवरून त्याचा क्रमांक आणि उंची दाखवणारी खूण नाहीशी झाली. पुढच्या फेऱ्यांमध्ये त्या जागी एकाऐवजी अनेक ठिपके दिसू लागले आणि वारा ज्या दिशेला वाहत होता त्या दिशेला, पूर्वेकडे, हळूहळू फाकत गेले. सुमारे ४६ सेकंदांनंतर ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षणाच्या भूकंपमापकांनी १.६ रिश्टरचा एक लहानसा हादरा टिपला. लॉकरबी गावातल्या शेरवूड क्रेसेंट या गल्लीवर विमानाचे पंख आणि धडाचा मधला भाग येऊन आदळला होता. त्यात टनावारी इंधन होतं. तिथे ४७ मीटर लांबीचा खड्डा पडला, घरं जळून गेली आणि गावातले ११ जण मारले गेले. विमानातले २५९ जण तर गेलेच.

हा ४६ सेकंदांचा आकडा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. ३१ हजार फूट म्हणजे जवळपास साडेनऊ किलोमीटर. हवा नावाची गोष्टच नसती, तर एवढ्या उंचीवरून सोडलेला दगड जमिनीवर यायला ४४ सेकंद लागले असते. हवेतून, तेही पंखांसारखी अवाढव्य पसरट वस्तू पडताना, याहून पुष्कळ जास्त वेळ लागायला हवा. तो लागला नाही, कारण ते पंख ‘पडले’ नव्हते. ताशी आठशे किलोमीटरच्या वेगाने पुढे जाणारं ते धूड खाली वळलं आणि पुढे जाण्याचा सगळा वेग त्याने खाली येण्यात लावला. १९ हजार फुटांवर येईपर्यंत त्याचा मार्ग जवळजवळ उभा झाला होता.

‘विमान हवेत फुटलं आणि कोसळलं,’ असं आपण बातमीत वाचतो आणि पुढे जातो. ‘फुटलं’ आणि ‘कोसळलं’ या दोन क्रियापदांच्या मध्ये एक संपूर्ण उड्डाण असतं. त्याला वैमानिक नसतो, पण नियम असतात. गुरुत्वाकर्षण, हवेचा रोध, उचल, वारा या सगळ्यांचा हिशेब त्यात काटेकोर चालतो. प्रत्येक तुकडा जिथे पडतो तिथे तो त्या हिशेबामुळेच पडतो. आणि म्हणूनच तुकडे कुठे पडले, हे पाहून तो हिशेब उलटा मांडता येतो. गेल्या सत्तर वर्षांत विमानप्रवास सुरक्षित झाला, त्यात या उलट्या मांडणीचा वाटा फार मोठा आहे. सामान्य वाचकापर्यंत तो क्वचितच पोहोचला.

सुरुवात विमान तुटतं कसं, इथून करावी लागते. जंबोच्या केबिनमध्ये आत आणि बाहेर हवेच्या दाबात जो फरक असतो, तो दर चौरस मीटरला सुमारे सहा टन भरतो. धड म्हणजे आतून फुगवलेलं, दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचं नळकांडं. त्यात बाहेरून समोरचा वारा. त्या उंचीवर हवा जमिनीवरच्या हवेच्या एक-तृतीयांशाहून थोडीच दाट असते, तरी त्या वेगाला आडव्या आलेल्या पृष्ठभागावर ती चौरस मीटरला सव्वा टनाच्या वर रेटा देते. विमान सरळ जातं तोवर हा रेटा निमुळत्या नाकावरून सुरळीत घसरतो. नाक जरा तिरकं झालं, पत्रा जरा उचकटला, की तोच वारा पाचरीसारखा आत शिरतो. लॉकरबीच्या वेळी सामानाच्या कप्प्यात फुटलेल्या बॉम्बने डाव्या बाजूला पाडलेलं मूळ भोक आकाराने मोठं नव्हतं. त्याच्या कडेपासून पत्रा पाकळ्यांसारखा उलगडत गेला, चिरा धडाला वळसा घालून धावल्या आणि दोन-तीन सेकंदांत विमानाचं अख्खं नाक, कॉकपिटसकट, उजवीकडे वळून सुटलं. जाता जाता ते उजव्या पंखाखालच्या तिसऱ्या क्रमांकाच्या इंजिनावर आपटलं. स्फोटाने विमानाला फक्त जखम केली होती. त्याचे तुकडे केले ते आतल्या हवेने आणि बाहेरच्या वाऱ्याने.

आता नाक गेलेल्या विमानाचं पुढे काय होतं?

खांद्यावरची कावड डोळ्यांसमोर आणावी. दोन्ही टोकांना पाण्याने भरलेल्या घागरी, खांदा बरोबर मध्ये. पुढची घागर अचानक निसटली, तर मागची बाजू खाली जाते आणि पुढचं टोक वर उसळतं. विमानाचंही तसंच आहे. त्याचं वजन एका बिंदूभोवती तोललेलं असतं. पंखांची उचल त्या बिंदूच्या किंचित मागे लागते आणि शेपटीचा आडवा पंख खाली दाब देऊन तोल राखतो. नाक गळून पडलं की गुरुत्वमध्य झटक्यात मागे सरकतो. विमानाचं पुढचं, आता उघड्या बोगद्यासारखं झालेलं तोंड वर उचललं जातं. पंखांचा वाऱ्याशी असलेला कोन वाढतो, कोन वाढला की उचल वाढते, आणि काही क्षण ते डोकं उडालेलं धड चक्क वर चढू लागतं.

हे ऐकायला अशक्य वाटतं. अमेरिकेत लाखो लोकांनाही ते अशक्यच वाटलं, आणि त्यातून एक मोठा वाद पेटला.

१७ जुलै १९९६. टीडब्ल्यूए ८०० हे बोइंग ७४७ न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावरून रात्री ८ वाजून १९ मिनिटांनी पॅरिसकडे निघालं. उड्डाणाला तासाभराहून जास्त उशीर झाला होता. त्या उकाड्याच्या संध्याकाळी जमिनीवर उभ्या विमानाची वातानुकूलन यंत्रं चालू होती, आणि ही यंत्रं बरोबर मधल्या इंधनटाकीखाली बसवलेली होती. सुमारे ४९ हजार लिटर मावेल अशा त्या टाकीत तेव्हा दोनशे लिटरहून कमी इंधन होतं. रिकामी टाकी सुरक्षित, असं कुणालाही वाटेल. वस्तुस्थिती उलटी आहे. भरलेल्या टाकीत पेटायला वाफ आणि हवा यांच्यासाठी जागाच कमी असते. जवळजवळ रिकाम्या आणि खालून तापलेल्या टाकीत मात्र त्यांचं नेमकं भडकणारं मिश्रण तयार होतं. ८ वाजून ३१ मिनिटांनी, १३,८०० फुटांच्या आसपास, टाकी फुटली. लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर संध्याकाळ घालवणाऱ्या, मासेमारीला गेलेल्या, घराच्या ओसरीत बसलेल्या शेकडो लोकांनी आकाशात काहीतरी पाहिलं. विमानातल्या २३० जणांपैकी कुणीही वाचलं नाही.

तपासयंत्रणांकडे ७३६ साक्षीदारांच्या जबान्यांची नोंद झाली. त्यांपैकी २५८ जणांनी प्रकाशाची एक रेघ पाहिल्याचं सांगितलं, आणि काहींच्या मते ती वर जात होती. वर जाणारी रेघ आणि मग आगीचा गोळा! क्षेपणास्त्राची शंका तिथेच जन्मली आणि आजही ती पुरती विझलेली नाही.

या साक्षीदारांना खोटं ठरवण्याची काहीच गरज नाही. त्यांनी जे पाहिलं ते बहुतेकांनी प्रामाणिकपणे सांगितलं. फक्त ते काय पाहत होते, याचा उलगडा हवा होता. एनटीएसबी या अमेरिकी तपाससंस्थेने तो केला. टाकीच्या स्फोटानंतर काही सेकंदांतच नाक सुटलं. उरलेलं विमान, चारही इंजिनं आणि दोन्ही पंखांसह, पेटलेलं इंधन मागे सांडत पुढे जात राहिलं आणि वर चढलं. आगीचा तो मोठा गोळा दिसला तो अर्ध्या मिनिटाच्या आसपास काळानंतर, डावा पंख तुटून त्यातलं इंधन भडकलं तेव्हा. म्हणजे बऱ्याच जणांना दिसलेली रेघ हे विमानाकडे येणारं अस्त्र नव्हतं. ते विमानच होतं, आधीच मोडलेलं. त्यात आवाजाची गंमत निराळी. आवाजाला एक किलोमीटर कापायला तीन सेकंद लागतात. पंधरा किलोमीटरवरच्या माणसाला स्फोट ऐकू येतो तो पाऊण मिनिट उलटल्यावर. आवाज ऐकून ज्याने मान वर केली, त्याने घटनेचा शेवटचा अंक पाहिला आणि त्याला तो पहिला वाटला.

विमान किती चढलं असेल? सीआयएने १९९७मध्ये एक चलच्चित्र प्रसिद्ध केलं. त्यात ते १७ हजार फुटांपर्यंत गेलेलं दाखवलं होतं, आणि ‘नाक नसलेलं विमान तीन हजार फूट चढतं?’ म्हणून त्याची बरीच थट्टा झाली. एनटीएसबीचा स्वतःचा अंदाज त्याहून कमी चढाईचा आला. पण थट्टा करणाऱ्यांनी शाळेतलं एक सूत्र आठवून पाहायला हवं होतं. वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरणाची दुप्पट, एवढी उंची निव्वळ वेगातून मिळू शकते. ताशी सातशे किलोमीटर या वेगाची किंमत उंचीत मोजली, तर ती सहा हजार फुटांच्या वर भरते. उघड्या तोंडात शिरणारी हवा त्यातला मोठा वाटा खाऊन टाकणार, हे उघड आहे. तरी हजार-दोन हजार फुटांची चढाई सहज उरते. इंजिनाची मदत नाही, वैमानिक नाही. फक्त आधीच साठवलेला वेग. झोक्यावरचं मूल पाय न मारताही पलीकडे वर जातं, तसंच हे. मग वेग संपतो, पंख हवा धरू शकत नाहीत, आणि खरी घसरण सुरू होते.

लॉकरबीचं विमानही ७४७च, नाक त्याचंही गेलं. ते मात्र वर गेलं नाही. ब्रिटिश हवाई अपघात तपास शाखेच्या मते केबिनची जमीन वाकल्यामुळे तिच्यातून शेपटीकडे जाणाऱ्या नियंत्रणतारा ओढल्या गेल्या, आणि विमानाला खाली व डावीकडे वळण्याचा हिसका बसला. एकाच घडणीची दोन विमानं, दोघांचंही नाक तुटलेलं, आणि मार्ग परस्परविरुद्ध. ‘तुटलेलं विमान असंच पडतं’ असं ठोकून सांगणाऱ्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नये. २०१४मध्ये युक्रेनवर क्षेपणास्त्राने पाडलेल्या एमएच १७चं कॉकपिट तुटून पडल्यावर बाकीचं विमान साडेआठ किलोमीटर पुढे गेलं आणि एक ते दीड मिनिटाने जमिनीवर आलं, असा डच तपास मंडळाचा निष्कर्ष आहे.

मोठ्या तुकड्यांची गोष्ट ही अशी. लहान तुकड्यांची गोष्ट समजायला खळ्यावर जावं लागेल. मळणी झाली की शेतकरी वाऱ्याचा अंदाज घेऊन उंचावर उभा राहतो आणि सुपातून धान्य सोडतो. दाणा त्याच्या पायाशी पडतो, पोचट दाणा थोडा पुढे, भुसा खळ्याच्या कडेला आणि कुसळं तर पार बांधापलीकडे. हवेत फुटलेल्या विमानाची निसर्ग अशीच उफणणी करतो. प्रश्न फक्त वजनाचा नसतो, वजन आणि वाऱ्याला अडवणारं क्षेत्रफळ यांच्या प्रमाणाचा असतो. इंजिन हे दाट, आटोपशीर. हवा त्याला फारशी अडवू शकत नाही. ते विमानाचा मूळ वेग घेऊन बरंच पुढे जातं आणि मग झपकन खाली येतं. पत्र्याचा तुकडा सुटल्यावर काही क्षणांतच आपला पुढचा वेग गमावतो. त्यानंतर तो विमानाचा राहत नाही, वाऱ्याचा होतो. सेकंदाला दहा मीटरने उतरणारा पत्रा साडेनऊ किलोमीटरवरून यायला पंधरा-सोळा मिनिटं घेतो. कागद त्याहून कितीतरी हळू. त्याला तास-दीड तासही लागू शकतो.

त्या संध्याकाळी लॉकरबीच्या वर उंचावर वाऱ्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरहून जास्त होता. नाक गावाच्या पूर्वेला काही किलोमीटरवर टंडरगार्थच्या चर्चसमोर, एका शेतात, कुशीवर पडलं. त्या निळ्या-पांढऱ्या नाकाचं छायाचित्र जगभर छापलं गेलं. हलके अवशेष मात्र इंग्लंड-स्कॉटलंडच्या टेकड्या ओलांडून पूर्व किनाऱ्याच्या दिशेने, सुमारे १३० किलोमीटरपर्यंत गेले. शोधाचं क्षेत्र दोन हजार चौरस किलोमीटरच्या वर भरलं. पोलीस, सैनिक आणि गावकरी हातात हात घातल्यासारखे रांग धरून कुरणं, झुडपं, जंगलं पायी चालले. लॉकरबीच्या बायकांनी प्रवाशांचे चिखलाने माखलेले कपडे धुतले, इस्त्री केले, घड्या घातल्या आणि ते समुद्रापलीकडच्या आईबापांकडे पाठवले. या साऱ्या प्रकरणातलं सर्वांत मोठं काम कोणतं, असं विचारलं तर या लेखकाचं मत या बायकांच्या बाजूने पडेल.

उफणणी उलटी वाचायची पद्धत अशी: विमान ज्या रेषेत जात होतं ती रडारवरून ठाऊक असते. वाऱ्याचा वेग प्रत्येक थरात किती होता हे हवामानखातं सांगतं. तुकड्याचं वजन आणि आकार हाताशी असतो. मग तो जिथे सापडला तिथून मागे जात, तो विमानापासून कधी सुटला असेल हे काढता येतं. मार्गावर सर्वांत मागे पडलेले तुकडे सर्वांत आधी सुटलेले असण्याची शक्यता मोठी. टीडब्ल्यूएच्या अवशेषांचे समुद्रतळावर तीन पट्टे आखले गेले. केनेडी विमानतळाला सर्वांत जवळच्या लाल पट्ट्यात मधल्या टाकीचे आणि तिच्या आसपासचे भाग होते, पिवळ्यात नाक, आणि सर्वांत दूरच्या हिरव्यात पंख, इंजिनं, शेपटी. विमानाचा ९५ टक्क्यांहून जास्त भाग पाणबुड्यांनी आणि जाळ्यांनी वर आणला. कॅल्व्हर्टनच्या हँगरमध्ये लोखंडी सांगाड्यावर धडाचा मधला भाग पुन्हा जोडला गेला. तिथे एकेक फाटलेली कड दुसऱ्या कडेशी जुळवत तज्ज्ञांनी दाखवून दिलं, की टाकीतली एक आडवी भिंत आधी पुढे कलंडली आणि तिने पुढची भिंत फोडली. स्फोट आतून झाला होता. ठिणगी नेमकी कुठे पडली, हे निर्विवादपणे सिद्ध झालं नाही. टाकीत जाणाऱ्या इंधनमापकाच्या तारांमधलं शॉर्टसर्किट हे सर्वांत संभाव्य कारण मानलं गेलं. २००८मध्ये अमेरिकेने नियम केला, की अशा टाक्यांमधली वाफ पेटू नये याची व्यवस्था विमानात असलीच पाहिजे. त्यासाठी टाकीत नायट्रोजनने समृद्ध हवा सोडतात आणि ऑक्सिजनचं प्रमाण बारा टक्क्यांच्या आसपास खाली आणतात.

तैवानचं उदाहरण याहून बोलकं आहे. २५ मे २००२ रोजी चायना एअरलाइन्सचं ६११ हे ७४७ पेंगहू बेटांजवळ सुमारे ३५ हजार फुटांवर फुटलं. २२५ जण गेले. बॉम्ब नव्हता, आग नव्हती. नियतकालिकांची पानं, कागदपत्रं, छायाचित्रं शंभराहून जास्त किलोमीटर अंतरावर मध्य तैवानच्या गावांत उतरली. रेषेवर सर्वांत आधी सापडले ते शेपटीकडच्या धडाचे तुकडे. त्या पत्र्यावर एक ठिगळ होतं. १९८०मध्ये हाँगकाँगला उतरताना या विमानाची शेपूट धावपट्टीवर घासली होती. खरचटलेला भाग पुरता न काढता त्यावर दुसरा पत्रा मारण्यात आला होता. त्या ठिगळाखाली, कुणाला न दिसता, चिरा बावीस वर्षं वाढत राहिल्या. प्रत्येक उड्डाणात धड फुगतं आणि उतरताना सैल होतं. तार वाकवून-वाकवून तोडावी तसा धातू थकतो.

फुगवलेल्या धडाचा धातू असा थकतो, हे जग कॉमेट विमानांकडून शिकलं होतं. पहिल्या जेट प्रवासी विमानाची सेवा २ मे १९५२ रोजी सुरू झाली. बरोबर एका वर्षाने, २ मे १९५३ रोजी, कोलकात्याच्या डमडमवरून दिल्लीकडे निघालेलं कॉमेट सहा मिनिटांत वादळी ढगात फुटलं आणि ४३ जण मारले गेले. १९५४मध्ये इटलीजवळ आणखी दोन कॉमेट हवेतच तुटली. मग इंग्लंडमधल्या फार्नबरोमध्ये सर अर्नोल्ड हॉल यांच्या चमूने एका कॉमेटचं अख्खं धड पाण्याच्या टाकीत बुडवून त्यात दाब भरला-सोडला, भरला-सोडला. प्रत्यक्ष उड्डाणं धरून ३,०५७व्या आवर्तनाला धड फाटलं.

आणि माणसं? हा प्रश्न प्रत्येक नातलग विचारतो आणि त्याला टाळणं क्रूरपणाचं आहे. ३१ हजार फुटांवर दाब अचानक गेला, तर शुद्ध फार तर मिनिटभर टिकते, बहुधा त्याहूनही कमी. माणसाचा पडण्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो. त्यापुढे तो वाढत नाही, मग उंची तीन किलोमीटर असो वा दहा. त्या वेगाने येऊन एका मीटरात थांबलं तर शरीराला गुरुत्वाच्या दीडशेपट हिसका बसतो. तोच थांबा दहा मीटरांत झाला तर पंधरापट. हा फरक जगण्या-मरण्याचा आहे. २४ डिसेंबर १९७१ रोजी पेरूच्या जंगलावर वीज पडून फुटलेल्या विमानातून सतरा वर्षांची युलियाने कोप्के आसनांच्या रांगेला पट्ट्याने बांधलेली तीन किलोमीटर खाली आली. शेवग्याची पंखधारी बी गरगरत उतरते तशी ती रांग फिरत आली असावी, आणि झाडांच्या दाट छताने उरलेला वेग पोटात घेतला. ती अकरा दिवस चालली आणि वाचली. पुढच्याच महिन्यात व्हेस्ना व्हुलोविच ही युगोस्लाव्ह हवाई सेविका चेकोस्लोव्हाकियात दहा हजार मीटरवरून, शेपटीच्या तुकड्यात अडकलेली, बर्फाळ उतारावर आली, तीही जगली. चमत्कार म्हणणं सोपं आहे. त्यांना वाचवलं ते तुकड्याच्या आकाराने आणि थांबायला मिळालेल्या मीटरांनी.

भारतीय वाचकाला हा सारा हिशेब सर्वांत जवळून भिडतो तो कनिष्कच्या नावाने. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं १८२, म्हणजेच ‘कनिष्क’ विमान, माँट्रियलहून लंडन-दिल्लीमार्गे मुंबईला यायला निघालं होतं. आयर्लंडच्या नैर्ऋत्येला, ३१ हजार फुटांवरच, शॅननच्या रडारवरून ते नाहीसं झालं. ३२९ माणसं. फक्त १३१ जणांचे देह समुद्राने परत दिले. बाकी सगळं दोन किलोमीटर खोल पाण्यात गेलं. स्कॅरब नावाच्या दूरनियंत्रित यंत्राने जुलैमध्ये दोन्ही रेकॉर्डर वर काढले आणि ते मुंबईत आणण्यात आले. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या तज्ज्ञांनीही टेपवरचा शेवटचा आवाज तपासला. एक धडाका, आणि लगेच शांतता. न्या. कृपाल आयोगाने पुढच्या वर्षी पुढच्या सामानकप्प्यातल्या बॉम्बचा निष्कर्ष काढला. पण तेव्हा समुद्रतळावरून मोजकेच तुकडे वर आणता आले. लॉकरबीचं विमान जमिनीवर पडलं म्हणून त्याची उफणणी पायी चालत वाचता आली. कनिष्कचा बहुतेक भाग अटलांटिकच्या अंधारात वाचायचाच राहिला. गुन्हेगारांना शिक्षा होण्याच्या बाबतीत या दोन घटनांत जे अंतर पडलं, त्याला इतर कारणंही आहेत आणि ती जास्त गंभीर आहेत. कॅनडाच्या तपासातली ढिलाई त्यात पहिली. तरी पुरावा कुठे पडला, याचाही त्यात हात आहे.

आयर्लंडच्या किनाऱ्यावर अहाकिस्ता नावाचं छोटं गाव आहे. कॉर्कचे शिल्पकार केन थॉम्प्सन यांनी तिथे कनिष्कच्या प्रवाशांसाठी सूर्यघड्याळ उभारलं. दर २३ जूनला सकाळी गावकरी आणि नातलग समुद्राकडे तोंड करून त्याच्याभोवती उभे राहतात.